काही बॅटर जात्याच 'स्ट्रीकी' असतात का? एका सीझनवर जाऊ नका, पुढचा सीझन बघा

प्रश्न असा आहे की बेसबॉलमध्ये काही हिटर 'स्ट्रीकी' म्हणून ओळखले जातात, म्हणजे तीन आठवडे समोर येईल तो पिचर फोडून काढणार आणि मग तीन आठवडे बॅटला बॉल लागायची मारामार, आणि काही जण 'कन्सिस्टंट' म्हणून ओळखले जातात. तर हा खरंच त्या खेळाडूचा गुण आहे का? यावर्षी जो स्ट्रीकी दिसला तो पुढच्या वर्षीही तसाच निघतो का? मी बरीच वर्षं बेसबॉलच्या डेटावर काम करतोय आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण यात बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. उत्तर आधीच सांगतो: एका सीझनमध्ये स्ट्रीकी दिसणारे हिटर दरवर्षी भरपूर सापडतात, पण तेच तेच खेळाडू दरवर्षी तसे दिसतात असं काही सापडत नाही. मोठा फरक असता तर एव्हाना सापडला असता. अगदी बारीक फरक असू शकतो, पण तो एका खेळाडूच्या एका सीझनवरून कुणालाच ओळखता येणार नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी दोन वाक्यं. इथे आउट झालं की दिवस संपत नाही, एका मॅचमध्ये बॅटर साधारण चार-पाच वेळा बॅटिंगला येतो आणि रेग्युलर सीझन १६२ मॅचचा असतो. वॉक (पिचरने चार चुकीचे बॉल टाकले की फुकट मिळणारा बेस) वगैरे सोडून उरलेल्या पाळ्यांना ॲट-बॅट म्हणतात, हिट (बॉल मारून सुखरूप बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट म्हणजे बॅटिंग ॲव्हरेज, ०.३०० म्हणजे चांगला हिटर आणि ०.००१ ला बोलताना एक पॉइंट म्हणतात. बस, एवढं पुरे.

आता पहिली गोष्ट, आपली नजर स्ट्रीक कशाला म्हणते. समजा एक हिटर आहे ज्याची खरी क्षमता वर्षभर ०.२७० वर ठाम आहे, ना हॉट ना कोल्ड, प्रत्येक ॲट-बॅटला हिटची शक्यता तीच २७ टक्के. महिन्याला शंभरेक ॲट-बॅट धरले तर नुसत्या योगायोगाने त्याच्या महिन्याच्या ॲव्हरेजचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासून साधारण इकडेतिकडे हलण्याचं माप, सुमारे ४४ पॉइंट येतं, म्हणजे ०.१८० चा महिना आणि ०.३६० चा महिना दोन्ही त्याच्या आवाक्यात आहेत. सहा महिन्यांचा सीझन घेतला तर सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट महिन्यातलं अंतर सरासरीने ११० पॉइंटच्या आसपास पडतं. म्हणजे ज्याच्यात काहीही बदललेलं नाही असा माणूस एका महिन्यात ०.३२५ आणि दुसऱ्या महिन्यात ०.२१५ मारतो, आणि हे अपवाद म्हणून नाही, हे सरासरीचं चित्र आहे. टीव्हीवर हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले की कॉमेंटेटर स्टान्स बदलला, हात खाली आले, डोक्यात काहीतरी चाललंय असं सगळं सांगायला लागतो, आणि त्यातलं काही खरंही असेल, पण ते आकडे समजायला त्याची गरज नसते.

इचिरो सुझुकीचं २००४ चं वर्ष बघा. त्याने त्या सीझनला २६२ हिट मारल्या, आजही तो एका सीझनचा विक्रम आहे, ॲव्हरेज ०.३७२, आणि स्ट्रीकी हा शब्द त्याला कुणी लावणार नाही. पण त्याच वर्षी त्याचा एप्रिल ०.२५५ चा होता आणि ऑगस्टमध्ये एकट्या महिन्यात ५६ हिट होत्या. हेच आकडे एखाद्या स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) जास्त होणाऱ्या, होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारणाऱ्या खेळाडूचे असते तर 'बघा, याचं असंच असतं' म्हणाले असते.

आणि ही होमरनवाली गोष्ट महत्त्वाची आहे, जरा थांबू इथे. सीझनला ३५ होमरन मारणारा हिटर घ्या, ६०० पाळ्यांमध्ये ३५, म्हणजे एका मॅचमध्ये निदान एक होमरन व्हायची शक्यता साधारण २२ टक्के. हे प्रमाण वर्षभर एकसारखं ठेवलं तरी सलग १० मॅच होमरन नाही असा दुष्काळ सीझनमध्ये सरासरी दोन-तीनदा येतो, आणि सलग १५ मॅच कोरड्या जाणं निम्म्या सीझनमध्ये एकदा तरी घडतं. ज्याच्या कमाईचा मोठा वाटा अशा क्वचित घडणाऱ्या गोष्टींतून येतो त्याचा आलेख डोळ्याला खडबडीत दिसणारच, कारण क्वचित घडणारी गोष्ट योगायोगाने पडली तरी गुच्छागुच्छाने पडल्यासारखी दिसते. रोज एखादी सिंगल, म्हणजे एकाच बेसची हिट, मारणाऱ्याचं तसं होत नाही. म्हणून 'स्ट्रीकी' हे लेबल जास्त करून पॉवर हिटरना चिकटतं, आणि पुढच्या वर्षीही तो पॉवर हिटरच असल्यामुळे पुढच्या वर्षीही चिकटतं! इथे लोकांना वाटतं की गुण टिकला. टिकला तो होमरन मारायचा आणि स्ट्राइकआउट व्हायचा गुण, गरम-थंड होण्याचा नाही. त्याच प्रमाणाने, योगायोगाने जेवढा खडबडीतपणा यायला हवा त्याहून जास्त आला का, हे बघावं लागतं.

दुसरा घोळ, हिटिंग स्ट्रीकची लांबी हेच माप धरणं. १९४१ साली जो डिमॅजिओने सलग ५६ मॅचमध्ये हिट मारली, १५ मे ते १६ जुलै, दुसऱ्या दिवशी क्लीव्हलँडमध्ये केन केल्टनरने थर्ड बेसवर दोन जबरदस्त बॉल अडवले आणि ती थांबली. त्याच वर्षी टेड विल्यम्सने ०.४०६ मारला, डिमॅजिओपेक्षा ४९ पॉइंट जास्त, पण त्याची सर्वात लांब स्ट्रीक होती २३ मॅचची. आता यावरून विल्यम्स कमी 'सातत्याचा' होता म्हणायचं का? अजिबात नाही. विल्यम्सला त्या वर्षी १४७ वॉक मिळाले आणि डिमॅजिओला ७६. म्हणजे विल्यम्सच्या वाट्याला मॅचमागे ३.२ च ॲट-बॅट येत होते, डिमॅजिओच्या ३.९. हिशोब केला तर मॅचमध्ये निदान एक हिट मिळायची शक्यता विल्यम्सची सुमारे ८१ टक्के आणि डिमॅजिओची ८२ टक्के निघते, जवळपास सारखीच. लांब स्ट्रीक कुणाला मिळणार हे ॲव्हरेज, वॉकचं प्रमाण आणि बॅटिंग ऑर्डरमधली जागा यावर ठरतं, आणि या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षं बऱ्यापैकी टिकतात. त्यामुळे 'अमक्याला दरवर्षी १५ मॅचच्या स्ट्रीक लागतात' हे खरं असू शकतं आणि तरीही तो जराही स्ट्रीकी नसू शकतो.

डिमॅजिओचा विषय निघालाच आहे तर, ८२ टक्के शक्यता सलग ५६ वेळा म्हणजे एका ठरावीक दिवसापासून सुरुवात धरली तर साधारण ६० हजारात एक. पण आधीपासून ना तो दिवस कुणी ठरवला होता ना तो माणूस. सॅम्युअल आर्ब्समन आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी २००८ मध्ये बेसबॉलचा अख्खा इतिहास कॉम्प्युटरवर १०,००० वेळा नव्याने खेळवला, प्रत्येक मॅच स्वतंत्र, कुणीही हॉट नाही की कोल्ड नाही. तर प्रत्येक इतिहासातली सर्वात लांब स्ट्रीक ३९ ते १०९ मॅच अशी कुठेही निघाली, आणि ४२ टक्के इतिहासांमध्ये ती ५६ किंवा त्याहून लांब होती. मला डिमॅजिओबद्दल प्रचंड आदर आहे, त्या अख्ख्या वर्षात तो फक्त १३ वेळा स्ट्राइकआउट झाला. पण ५६ हा आकडा स्ट्रीकी स्वभावाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. इथे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. स्ट्रीक दिसतात का, तर दिसतात, त्यात वाद नाही. आत्ता हॉट असलेला हिटर पुढच्या पाळीला नेहमीपेक्षा बरा खेळतो का, हा वेगळा प्रश्न. आणि काही हिटर इतरांपेक्षा जास्त हॉट-कोल्ड होतात आणि दरवर्षी होतात का, हा तिसरा, म्हणजे सुरुवातीला मांडलेला. दुसऱ्याचं उत्तर हो आलं तरी तिसऱ्याचं नाही येऊ शकतं, कारण सगळेच हिटर सारख्याच प्रमाणात थोडे थोडे हॉट-कोल्ड होत असतील तर तो कुणा एकाचा खास गुण राहत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर भांडण अजून चालू आहे, तेवढं पटकन सांगतो. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलवर काम करून हॉट हँड, म्हणजे लागोपाठ जमलं की पुढचंही जमण्याची शक्यता वाढते ही समजूत, हा भास आहे म्हटलं. पुढे मिलर आणि सान्हुर्हो यांनी दाखवलं की त्या मोजणीतच एक छुपी चूक आहे: नाणं तीनदा उडवा आणि छापानंतर पुन्हा छापा किती टक्के पडतो ते प्रत्येक वेळी काढून त्याची सरासरी घ्या, तर ५० नाही, सुमारे ४२ टक्के येते. म्हणजे साधी मोजणी हॉट हँडला आधीच मागे ढकलते. बेसबॉलमध्ये टँगो, लिक्टमन आणि डॉल्फिन यांना हॉट हिटरचा फायदा सापडला पण अगदी थोडा, जेमतेम काही पॉइंटचा. ब्रेट ग्रीन आणि जेफ्री झ्विबेल यांनी १२ वर्षांचे सुमारे २० लाख ॲट-बॅट घेऊन, मागच्या २५ ॲट-बॅटवरून पुढचा बघितला आणि त्यांना बराच मोठा परिणाम दिसला. ट्रेंट मॅकॉटरने १९५७ ते २००६ च्या मॅचचा क्रम उलटसुलट करून पाहिला तर प्रत्यक्षात लांब स्ट्रीक योगायोगापेक्षा जास्त निघाल्या. माझं मत असं की परिणाम शून्य नाही, पण त्यातला बराच भाग दुखापत, मैदान आणि समोरचे पिचर यातून येतो. डेन्व्हरला समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आठवडाभर खेळलात तर हॉट दिसणारच.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात सरळ काम अजूनही मला ख्रिश्चन ऑल्ब्राइटचं वाटतं, १९९३ सालचं. त्याने १९८७ ते १९९० या चार सीझनचे नियमित खेळाडू घेतले, प्रत्येकाच्या प्रत्येक सीझनची स्ट्रीकीपणाची तपासणी केली, आणि परिस्थितीचे घटकही हिशोबात घेतले. निष्कर्ष असा की एखाद्या वर्षी काही खेळाडू ठळकपणे स्ट्रीकी दिसतात पण ते वर्षामागून वर्ष टिकत नाही, आणि सगळ्यांना एकत्र बघितलं तर चित्र योगायोगाशी जुळतं. त्यावर स्टर्न आणि मॉरिस यांनी रास्त आक्षेप घेतला की या तपासण्यांमध्ये छोटा परिणाम पकडायची ताकदच कमी असते. हा आक्षेप मला त्या निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचा हिशोब करून दाखवतो.

समजा एक हिटर खरोखर स्ट्रीकी आहे, २५ ॲट-बॅट ०.३२० चा आणि पुढचे २५ ॲट-बॅट ०.२२० चा, असा आलटून पालटून वर्षभर. शंभर पॉइंटचा फरक म्हणजे ऑल-स्टार आणि बेंचवर बसणारा यातला फरक आहे, कुठलाही कोच म्हणेल की हे तर लगेच कळेल. पण २५ ॲट-बॅटमध्ये नुसत्या योगायोगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८९ पॉइंट आहे आणि त्याची खरी हालचाल वर-खाली ५० पॉइंटची. साडेपाचशे ॲट-बॅटचा सीझन २२ तुकड्यांत पाडून, तुकडे नेमके कुठे सुरू होतात हे आपल्याला देवाने सांगितलं असं धरून नेहमीची ५ टक्क्यांची चाचणी (जी स्ट्रीकी नसलेल्याला फक्त ५ टक्के वेळा चुकून पकडते) लावली, तरी हा माणूस चारातल्या एखाद्याच सीझनमध्ये पकडला जातो. एवढा टोकाचा स्ट्रीकी माणूस! आणि दुसरीकडे १५० नियमित हिटर असतील आणि त्यात एकही स्ट्रीकी नसेल तरी त्याच ५ टक्क्यांच्या चाचणीत दरवर्षी सात-आठ जण 'सापडतात'. त्यातलाच कुणीतरी दोन वर्षं सलग सापडतो, असं दहा वर्षांत तीन-चार जणांचं निव्वळ योगायोगाने होईल, आणि मग त्यांच्याबद्दल 'हा कायमच असा' हे पक्कं होऊन बसतं.

मग करायचं काय, तर एकेका खेळाडूला पकडायचं सोडून सगळ्यांना एकत्र घ्यायचं. रेट्रोशीट नावाची संस्था आहे, डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली, तिथे कित्येक दशकांचा प्रत्येक पाळीचा डेटा फुकट मिळतो, तुम्ही स्वतः करू शकता. एका खेळाडूचा एक सीझन घ्या, त्याच्या सगळ्या ॲट-बॅटची हिट की नाही अशी ओळ बनवा. दोन हिटच्या मध्ये किती कोरडे ॲट-बॅट गेले ती अंतरं काढा, त्यांचे वर्ग करून बेरीज करा, संख्याशास्त्रज्ञ जिम ॲल्बर्ट हे माप वापरतात आणि ते चांगलं आहे कारण लांब दुष्काळ त्यात लगेच वर येतो. मग तीच ओळ पत्त्यांसारखी पिसा, हजार वेळा, प्रत्येक वेळी बेरीज काढा आणि खरी बेरीज त्या हजारात कितव्या नंबरला येते ते लिहून ठेवा. पिसण्याचा मोठा फायदा म्हणजे हिटची संख्या तीच राहते, त्यामुळे ०.३३० वाला आणि ०.२३० वाला एकाच तराजूत येतात आणि ते नाणं तीनदा उडवण्यातलं छुपं झुकणंही आपोआप दोन्हीकडे सारखं पडतं. असं सगळ्या नियमित खेळाडूंचं, म्हणजे वर्षाला निदान ४०० ॲट-बॅट असलेल्यांचं करा, आणि मग या वर्षीचा क्रमांक आणि पुढच्या वर्षीचा क्रमांक यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत) काढा. गुण खरा असेल तर तो इथे दिसलाच पाहिजे.

किती दिसायला हवा? निम्मे हिटर वरच्यासारखे टोकाचे स्ट्रीकी आणि निम्मे एकदम सपाट, असं जग घेतलं आणि वरच्या तुकड्यांच्या मापाने हिशोब केला तरी दोन वर्षांतला सहसंबंध ०.१७ च्या आसपासच येतो, कारण योगायोगाचा गोंगाट एवढा आहे. शंभर जोड्यांवर, म्हणजे एकाच खेळाडूच्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या शंभर जोड्यांवर, सहसंबंधाची चूक ०.१० असते, म्हणजे एकाच वर्षाच्या जोडीवरून ०.१७ आणि शून्य यात फरक करणं अवघड. पण १५ वर्षांच्या हजार-बाराशे जोड्या एकत्र केल्या की चूक ०.०३ वर येते आणि ०.१७ लपून राहूच शकत नाही. ज्यांनी हा असा हिशोब नीट केलाय त्यांचा आकडा शून्याच्या आसपासच घुटमळतो. म्हणून मी ठामपणे म्हणतो की 'लीगमधले निम्मे खेळाडू स्ट्रीकी, निम्मे कन्सिस्टंट' हे चित्र चूक आहे. दहा-वीस पॉइंटची हालचाल काही जणांच्यात इतरांपेक्षा जास्त होत असेल, ती या चाळणीतून गळून जाईल, ते मान्य.

मग एका सीझनमध्ये खरोखरचं, योगायोगापलीकडचं चढउतार असतंच नाही का? असतं, आणि ते का टिकत नाही हेही समजतं. मनगट दुखत असताना महिनाभर खेळलेला माणूस त्या महिन्यात खरंच वाईट हिटर असतो, पण पुढच्या वर्षी मनगट बरं असतं. डॅन अग्ला २०११ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जकडून खेळताना जुलैच्या सुरुवातीला ०.१७३ वर होता, तिथून सलग ३३ मॅच हिट मारली आणि वर्ष ०.२३३ वर संपवलं. त्या वर्षी त्याच्यात काहीतरी बदललं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ती त्या वर्षाची गोष्ट आहे. कारण वर्षाला चिकटलेलं असतं, माणसाला नाही.

हे सगळं मला एवढं जिव्हाळ्याचं का वाटतं, तर लेबलमुळे निर्णय होतात. 'स्ट्रीकी' शिक्का बसलेला तरुण खेळाडू ४० ॲट-बॅट वाईट गेले की बसवला जातो, आणि 'कन्सिस्टंट' शिक्क्याचा अनुभवी खेळाडू तेवढाच वाईट खेळूनही लाइनअपमध्ये राहतो, आणि दोघांचे ४० ॲट-बॅट सारखंच काय ते सांगत असतात, म्हणजे फारच थोडं. कुणी सांगितलं की अमका स्ट्रीकी आहे, तर मी आधी त्याचा स्ट्राइकआउट आणि होमरनचा दर विचारतो, मग त्या काळात तो जखमी होता का आणि कुठल्या मैदानांवर खेळला ते, आणि मग आधीच्या आणि नंतरच्या सीझनचा पिसून काढलेला क्रमांक. बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांतच विषय संपतो.

खरा नवा धागा कुठे मिळू शकेल याबद्दल माझा अंदाज सांगतो. हिट होते की नाही यात नशिबाचा वाटा फार, मैदानात पडलेल्या बॉलपैकी साधारण ३० टक्केच हिट होतात आणि त्यात फील्डर कुठे उभा होता हेही येतं. २०१५ पासून स्टॅटकास्ट या कॅमेरा-रडारच्या मोजणी यंत्रणेमुळे प्रत्येक बॉल बॅटवरून किती वेगाने सुटला ते मोजलं जातं, आणि २०२४ पासून बॅटचा वेगसुद्धा लोकांना बघायला मिळतो. या मापांमध्ये गोंगाट खूप कमी आहे. बॅटचा वेग महिन्या-महिन्याला एखाद्याचा जास्त हलतो का आणि पुढच्या वर्षीही त्याचाच जास्त हलतो का, ही तपासणी हिटवरच्या तपासणीपेक्षा कितीतरी कमी सीझनमध्ये उत्तर देईल. बॅटचा वेग खेळाडूच्या शरीराशी सरळ जोडलेला आहे, त्यामुळे तिथे काही जणांचा टिकाऊ चढउतार सापडला तर मला आश्चर्य वाटणार नाही. फक्त करताना दुखापतीचे आठवडे बाजूला काढा आणि दोन स्ट्राइक झाल्यानंतरचे स्विंग वेगळे ठेवा, कारण तिथे बरेच हिटर मुद्दाम स्विंग आखडता घेतात.